एका श्वासाचा उशीर

कोलियर्स बेंड, पेनसिल्व्हेनिया
१३ ऑगस्ट

डेनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडून टाकायचं असलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

ऑगस्ट आला की मी तुला शाळेच्या फुटबॉल संघातल्या पुढच्या फळीचा अहवाल देतो. तू सैन्यात होतास तेव्हा पत्राने दिला. परत आलास तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात बसून तोंडी द्यायचो आणि तू एकेका पोरावरून माझ्याशी भांडायचास. यंदा तू नॉर्थ डाकोटात तेलाच्या विहिरीवर आहेस, म्हणून पुन्हा कागद काढला. तिकडे काय खातोस, कुठे झोपतोस, ते विचारत नाही. विचारून कोण सांगतंय.

तर फळी. गेल्या वर्षीच्या पाचांतले तिघं शाळा संपवून गेले. चौथा तुझा थोरला, आपला सेंटर गेब. फेब्रुवारीत आपण त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवून आलो. उरला तो डेव्हॉन प्रुइट, उजवा गार्ड, गेबच्या खांद्याला खांदा लावून दोन वर्षं खेळलेला. त्याच्या भोवती नवी फळी उभी करायची आणि तीही महिनाअखेरच्या आत.

डावा टॅकल ताडमाड आहे, हात लांब, पाय चांगले, पण समोरचा अंगावर आला की डोळे मिटतो. डावा गार्ड कुस्तीतला, बुटका. त्याला हलवायचं तर ट्रॅक्टर आणावा लागेल. उजवा टॅकल मी शाळेच्या बँडमधून पळवला. ट्यूबा वाजवायचा. एवढं पितळ खांद्यावर घेऊन पोरगा ताठ चालतो हे बघितलं आणि म्हटलं, हा माझा. बँडच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी मी नेहमीचं भाषण केलं. तुझं पाठ असेल. "मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल, मागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. चेंडू तुमचा नाही. तो सेंटरने पायांतून मागे क्वार्टरबॅकला दिला की तुमचा संबंध संपला. तुम्ही धावायचं नाही, झेलायचं नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचं. मागचा पोरगा उभा राहिला पाहिजे, बस."

ट्यूबावाला म्हणाला, "मग आमच्यासाठी टाळ्या कधी वाजणार?"

"तो उभा दिसला की ज्या वाजतील त्या तुमच्याच."

"म्हणजे कोणी आमचं नाव घेणार नाही?"

"घेतील की. चुकलात तर कर्ण्यावरून घेतील."

पोरं हसली. डेव्हॉन हसला नाही, त्याने ते भाषण गेबबरोबर ऐकलेलं आहे.

सेंटर आहे एक. त्याचं पुढच्या वेळी लिहितो. तुझी बायको लोरेन बरी आहे, असं ती म्हणते. तुमच्या मागच्या पायरीचा कठडा मी दुरुस्त केला. ते काम तुझं होतं.

तुझा बाप

१९ ऑगस्ट

डेनी,

सेंटर टोबी आहे.

आता तिकडे जे काय आदळायचं ते आदळ आणि मग पुढे वाच.

जाताना दारात तू मला एकच गोष्ट सांगितलीस, "एकाला घालवलं, याला तरी फळीपासून लांब ठेव." गेबला फळीने घालवलं नाही, हे तेव्हा बोललो नाही, कारण तू ऐकण्यातला नव्हतास. पण तुझा शब्द मी पाळला. टोबीला धावणाऱ्या, झेलणाऱ्या पोरांत पाठवलं. दुसऱ्या दिवशी हा चेंडू घेऊन आला आणि सरळ मधल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"इथे कोण आहे, आजोबा?"

"अजून कोणी नाही."

"मग मी आहे."

पंधरा वर्षांचा पोरगा. त्याला काय सांगायचं होतं मी? की तुझा भाऊ गेला, बाप निघून गेला, तेव्हा तूही जरा बाजूला हो? माझ्याने झालं नाही.

नातू म्हणून नाही, कोच म्हणून सांगतो. वजन कमी आहे. तुझ्या आईच्या माघारी या घरात धड बटाट्याची पिरोगी कोणी करत नाही, त्याचा हा परिणाम. पण कंबर खाली राहते, डोकं थंड आहे, आणि चेंडू झटकन देतो, गेबपेक्षा लवकर. गेब दणकट होता. टोबी चपळ आहे.

घोर आहे तो डेव्हॉनचा. फळीतला एकटा मुरलेला पोरगा, आणि तोच मागे पडतोय. चेंडू हलला की चौघं उठतात आणि हा नंतर उठतो. एवढाच उशीर, पण तेवढ्यात समोरचा आत शिरतो. दोनदा क्वार्टरबॅक आडवा झाला. तिसऱ्यांदा टोबी डेव्हॉनचाही माणूस अडवायला गेला आणि कोपर सोलून घेतलं. घाबरू नकोस, सोललंच आहे फक्त.

स्कॅन्लनने, म्हणजे आपल्या मुख्य कोचने, मला चित्रफीत दाखवली. चांगला माणूस आहे, आरडाओरडा करत नाही. म्हणाला, "एमिल, मला वाईट वाटतं, पण हा पोरगा जड झालाय. पहिल्या सामन्यापर्यंत बघू. नाहीतर बसवावं लागेल."

डेव्हॉन बसला तर टोबीच्या शेजारी कालचं कच्चं पोरगं येणार. आणि डेव्हॉन स्वतः कोलमडेल. गेब गेल्यापासून तो त्या गार्डच्या जागेला धरून उभा आहे.

मी म्हटलं, "मला दे तो. बघतो मी."

तुझा बाप

२४ ऑगस्ट

डेनी,

डेव्हॉनचं कळलं. आणि कळल्यापासून मला जेवण जात नाही. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आपल्या मैदानामागून मालगाडी जाते, तेव्हा बाजूच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आपल्या गावात फळी कधीच आवाजावर उठली नाही. तू सेंटर होतास तेव्हाही हेच होतं. सेंटर खाली मान घालून वाकलेला. उजवा गार्ड मान वळवून मागे बघतो. क्वार्टरबॅकने पाय उचलला की गार्ड सेंटरच्या मांडीवर थाप देतो. थापेनंतर सेंटर किती थांबून चेंडू देणार, हे फक्त त्या पाच जणांना माहीत. पाहुणा संघ बावरतो तो इथेच. आणि ते थांबणं कुठे लिहिता येत नाही, ज्याचं त्याचं असतं. तू डोळे दोनदा मिटायचास.

गेब श्वास घ्यायचा. थाप पडली की एक सबंध श्वास, भरून, आणि सोडताना चेंडू.

आज बाकीच्यांना घरी पाठवून मी त्या दोघांनाच थांबवलं. मी डेव्हॉनच्या मागे गुडघ्यावर बसलो. पोरगा जड झालेला नाही, डेनी. थाप देतो, मग त्याची पाठ फुगते. भरून. ती खाली बसते तेव्हा तो उठतो, आणि उठतो तो बाणासारखा. तोवर टोबीचा चेंडू कधीच गेलेला असतो.

तो गेबचा श्वास घेतोय.

मी म्हटलं, "डेव्हॉन, कोणाची वाट बघतोस?"

तो बराच वेळ हातमोज्याचा पट्टा ओढत बसला. मग म्हणाला, "कोच, तो येणार नाही हे मला माहीत आहे. पायांना सांगितलंय मी. ऐकत नाहीत."

टोबी चेंडू हातात घेऊन तिथेच उभा होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "घरीपण सगळे त्याचीच वाट बघतात. मला वाटलं निदान इथे तरी नाही."

आता नीट ऐक. ही सवय मला मोडावीच लागणार आहे. मोडली नाही तर डेव्हॉन बसतो आणि टोबी मार खातो. पुढच्या शुक्रवारी, एकतीस तारखेला, पहिला सामना आहे, इथेच. तोवर तुझा गेब या मैदानावर आहे, डेनी. टेकडीवर मी दर रविवारी जातो, तिथे मला तो सापडत नाही. इथे सापडला. एक श्वासभर, पण आहे. तू ये. कामावर सुट्टी माग, नाही दिली तर सोडून ये. मी मोडायच्या आत येऊन बघून जा.

गेबला घेऊन गाडी तू चालवत होतास, पण पुलावरचा बर्फ दिसत नव्हता. मी जन्मभर त्या पुलावरून गाडी चालवली, मलाही दिसला नसता. इस्पितळात लोरेन ओरडली, "तू काय बघत होतास?" तो प्रश्न नव्हता रे, ते रडणं होतं. ती ते परत घेऊ शकत नाही आणि तू विसरत नाहीस, आणि मधे टोबी एकटा जेवतो.

ये.

तुझा बाप

२८ ऑगस्ट

डेनी,

तुझं कार्ड आलं. "टोबीला फळीतून काढा. मी येऊ शकत नाही." सहा महिन्यांत आलेली ही दोन वाक्यं. माझं शुक्रवारचं पत्र तुला तोवर मिळालं नसणार, म्हणून अर्धा राग गिळतो. उरलेला अर्धा घे.

पोराला कुठे उभं करायचं हे सांगायचं असेल तर इथे येऊन सांग. तिकडून हुकूम सोडायला तू काय गव्हर्नर लागून गेलास? टोबी रोज दुपारी टपालवाल्याची गाडी आली की माझ्या पडवीत येतो. कार्ड त्यानेच घेतलं. वाचलं, मला दिलं, आणि म्हणाला, "बाबाचं अक्षर बिघडलंय."

लिहू नये असं वाटत होतं, पण लिहितो. काल सरावाच्या वेळी डेव्हॉन पुन्हा मागे राहिला. स्कॅन्लन नुसता माझ्याकडे बघून पलीकडे गेला. टोबी माझ्याजवळ आला.

"आजोबा, मी थांबू का त्याच्यासारखा?"

"कोणासारखा?"

"गेबसारखा. मला येतो त्याचा श्वास. एका खोलीत झोपायचो आम्ही. लहानपणापासून ऐकलाय."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं, "दाखव."

पाचही जण वाकले. डेव्हॉनने थाप दिली. आणि टोबीची पाठ फुगली. तोच श्वास, डेनी. शेवटी तो थोडासा अडायचा, ते अडणंसुद्धा. सुटला, चेंडू गेला, आणि डेव्हॉन उठला तो बरोब्बर त्याच क्षणी. समोरच्याला त्याने उचलूनच नेलं. गेल्या वर्षीची फळी होती ती. पलीकडच्या टोकाला स्कॅन्लन शिट्टी तोंडात धरून उभा राहिला. ट्यूबावाला ओरडला, "बाप रे, हे काय होतं?"

डेव्हॉन रडत होता. मीही.

सगळ्यांचं भागलं होतं. डेव्हॉनची जागा राहत होती, स्कॅन्लन खूश होता, आणि मला आठवड्यातून पाच दिवस माझा नातू परत मिळत होता. टोबी माझ्याकडे बघत होता. मी खूश आहे का, हे तो बघत होता. मी खूश असतो तर तो जन्मभर तसाच श्वास घेत राहिला असता.

मी म्हटलं, "पुन्हा असं करायचं नाही."

"पण जमलं ना?"

"जमलं. पुन्हा करायचं नाही. तुझा चेंडू तुझ्या वेळेला दे. डेव्हॉन शिकेल."

"आणि नाही शिकला तर?"

"तर मी कशाला आहे?"

मग डेव्हॉनला बाजूला घेतलं. डोळे मिटून हात टोबीच्या पाठीवर ठेवायला लावला. टोबी वाकायचा, चेंडू द्यायचा, डेव्हॉन नुसता हात ठेवून. मी दर वेळी विचारायचो, "हा कोण?" आणि तो म्हणायचा, "टोबी." पहिल्यांदा म्हणताना त्याला किती त्रास झाला ते मला सांगवत नाही. अंधारून येईपर्यंत हेच चाललं.

असा मी गेबला मैदानावरून घालवतोय, आणि मला कोणी तसं करायला सांगितलेलं नाही.

तुझा बाप

३० ऑगस्ट, गुरुवार

डेनी,

हे तुला सामन्याआधी मिळणार नाही. तरी लिहितो, हात रिकामे आहेत म्हणून.

सामन्याच्या आदल्या दिवशी फळी सेंटरच्या घरी जेवते, आपल्याकडची रीतच आहे. सेंटर टोबी, म्हणजे घर पुन्हा तुमचंच. मी लोरेनला म्हटलं, माझ्याकडे करतो, तू नको त्रास घेऊस. ती म्हणाली, "पपा, तुम्ही पाणी उकळलं तरी करपतं. पोरं इथेच जेवतील."

तिने कोबी आणि नूडल्सची हालुश्की केली, भलं मोठं पातेलं भरून. ट्यूबावाल्याने तीनदा घेतली आणि चौथ्यांदा लाजला, तर लोरेनने त्याच्या ताटात उपडीच केली. फेब्रुवारीनंतर त्या घरात इतका आवाज आज झाला. डेव्हॉन नेहमीच्या, गेबच्या शेजारच्या खुर्चीकडे गेला, थांबला, मग टोबीला म्हणाला, "तू कुठे बसतोस?" आणि त्याच्या शेजारी बसला.

भांडी घासताना लोरेनने माझ्याकडे न बघता विचारलं, "तो येणारय का उद्या?"

मी म्हटलं, पत्र टाकलंय. ती म्हणाली, "रुळाच्या बाजूच्या कुंपणापाशी उभा राहायचा तो, दर वेळी." मग एकच ताट घासत राहिली.

सामना सातला आहे. कुंपणाची ती जागा मी मोकळी ठेवायला सांगितली आहे.

तुझा बाप

१ सप्टेंबर

डेनी,

जिंकलो. आकडा पेपरात बघ, मला आठवत नाही.

पहिल्या अर्ध्यात डेव्हॉन कधी वेळेवर, कधी मागे. स्कॅन्लनने बदलीच्या पोराला हेल्मेट घालायला लावलं होतं. मध्यंतरानंतर मालगाडी आली, लांबलचक, कोळशाची. मैदानावर काही ऐकू येईना. पाहुण्यांची पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. आपले पाच जण वाकले. डेव्हॉनने मान वळवली. थाप दिली.

मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. फुगली नाही.

चेंडू हलला आणि तो टोबीबरोबर उठला. टोबीच्याच वेळेला. पाचही जण एका अंगाने उठले, क्वार्टरबॅक मागे आरामात उभा राहिला, त्याने लांब फेकला, आणि सगळं गाव उठून ओरडलं. गाडीमुळे मला ते ओरडणं दिसलं फक्त. दोन आठवडे ज्यासाठी खपलो ते झालं होतं. आणि मी टोपी तोंडावर धरून बाकावर बसलो, कारण माझा नातू आता पुन्हा गेला होता, आणि या वेळी बर्फाने नेला नव्हता.

स्कॅन्लनने खांद्यावर हात ठेवला. "एमिल, जमवलंस."

सामना संपल्यावर डेव्हॉन आला. हेल्मेट काखेत, तोंड घामाने आणि मातीने भरलेलं.

"कोच, आज मी थांबलो नाही."

"बघितलं मी."

"त्याला वाईट वाटेल?"

"नाही रे. त्याला तू बसलेला आवडला नसतास."

मग तो लहान पोरासारखा माझ्या गळ्यात पडून रडला. एवढं धूड, मला उभं राहवेना. टोबीने मागून दोघांना धरलं.

तू आला नाहीस. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल, मला ते जाणून घ्यायचं नाही. मी तुला लिहिलं होतं, गेब इथे आहे तोवर ये. आता तो इथे नाही. आता यायचं तर आम्ही उरलेल्यांसाठीच यावं लागेल, आणि ते जास्त अवघड आहे हे मला कळतं.

एक शेवटचं, मग कागद संपतो. वाट बघायची सवय मोडते, डेनी. पोरगा चांगला असला, रोज शिकवलं, तर आठवड्याभरात मोडते, मी माझ्या हाताने मोडली आहे. काल सगळे नाचत होते तेव्हा टोबी हेल्मेट काढून रुळाच्या बाजूच्या कुंपणाकडे बघत उभा होता. अजून बघतो. त्याची मोडायच्या आत घरी ये.

तुझा बाप